16,569 अक्षरांचे वर्तुळ

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रोल्फ लुफ्त यांच्याकडे आलेल्या त्या बाईंना बारमाही उकडत असे. वय पस्तीस, पण हा त्रास सातव्या वर्षापासूनचा. स्वीडनसारख्या थंड देशातही अंग घामाने भिजलेले, तहान न भागणारी, भूक प्रचंड. आणि एवढे खाऊनही अंगावर मांस धरत नव्हते, हातापायांत जोर नव्हता. अशी लक्षणे दिसली की डॉक्टर आधी थायरॉइडकडे बोट दाखवतात. या बाईंच्या थायरॉइडवर शस्त्रक्रियाही होऊन गेली होती. गुण आला नाही. स्वस्थ पडलेले असताना शरीर किती ऊर्जा जाळते हे मोजले, तेव्हा आकडा नेहमीपेक्षा 140 ते 210 टक्क्यांनी जास्त निघाला. थायरॉइडचे काम मात्र व्यवस्थित चाललेले होते.

लुफ्त हे अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ. ग्रंथींमध्ये दोष सापडत नाही म्हटल्यावर ते लार्स अर्न्स्टर या जीवरसायनतज्ज्ञाकडे गेले. बाईंच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून अर्न्स्टर यांनी त्यातले मायटोकॉन्ड्रिया वेगळे केले, तर ब्यॉर्न अफझेलियस यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अन्नाचे ज्वलन करून पेशीला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात तयार करणे हे मायटोकॉन्ड्रियांचे काम. निरोगी स्नायूत एटीपीची गरज संपली की ज्वलनही मंदावते. या बाईंच्या स्नायूत गरज असो वा नसो, ज्वलन चालूच होते आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जात होती. 1962 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पेशीच्या आतल्या एका विशिष्ट घटकाच्या बिघाडातून होणारा आजार वैद्यकाने प्रथमच पाहिला. पुढे तो लुफ्त यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हा आजार अत्यंत दुर्मीळ, पण त्याने दाखवलेली वाट मोठी होती: रुग्णाच्या स्नायूचा तुकडा घ्यायचा आणि मायटोकॉन्ड्रियांनाच विचारायचे.

अर्न्स्टर ज्या वेनर-ग्रेन संस्थेत काम करत होते, तिथेच दुसऱ्याच वर्षी आणखी एक शोध लागला. मार्गिट आणि सिल्वन नास हे दोघे कोंबडीच्या भ्रूणातले मायटोकॉन्ड्रिया पाहत होते. आत त्यांना बारीक धागे दिसले. डीएनए पचवणारे विकर घातल्यावर ते धागे नाहीसे झाले. पेशीचा डीएनए केंद्रकात असतो हे तोवर पाठ्यपुस्तकातले पक्के वाक्य होते. मायटोकॉन्ड्रियांकडे स्वतःचा वेगळा डीएनए आहे, हे 1963 मध्ये पुढे आले आणि लवकरच इतर प्रयोगशाळांनीही त्याला दुजोरा दिला.

स्नायूचा आजार मायटोकॉन्ड्रियांतून होतो आणि मायटोकॉन्ड्रियांत डीएनए असतो, ही दोन विधाने एकाच शहरात, एकाच संस्थेच्या भिंतींआड, वर्षभराच्या अंतराने लिहिली गेली. ती एकमेकांना जोडायला मात्र पंचवीस वर्षे लागली.

या विलंबामागे कारणे होती. मायटोकॉन्ड्रियांना लागणारी बहुतेक सगळी प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचा इवलासा डीएनए हा उत्क्रांतीतून मागे राहिलेला अवशेष वाटत होता. त्यात बिघाड झालाच तर पेशी जगणार नाही, मग रुग्ण दिसणार कुठून, असाही एक समज होता. आणि तो डीएनए अक्षर न् अक्षर वाचण्याचे तंत्र अजून जन्मालाच यायचे होते.

दरम्यानच्या काळात स्नायू बोलत होता, पण रंगांच्या भाषेत. अमेरिकेच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत किंग एंगल आणि गाय कनिंगहॅम यांनी 1963 मध्ये गोमोरी ट्रायक्रोम या जुन्या रंजकपद्धतीत बदल करून ती ताज्या, गोठवलेल्या स्नायूच्या कापांवर वापरली. या रंगात स्नायूचा तंतू हिरवट-निळा दिसतो आणि मायटोकॉन्ड्रिया लाल. काही रुग्णांच्या कापांत अधूनमधून एखादा तंतू कडेने लालभडक, फाटल्यासारखा दिसू लागला. तिथे मायटोकॉन्ड्रियांची बेसुमार गर्दी झालेली असे. 1972 पासून या तंतूंना ‘रॅगेड रेड फायबर’ हे नाव पडले. हेच नाव आजही जगभरच्या स्नायुविकृतीच्या प्रयोगशाळांत चालते.

लक्षणांच्या याद्याही वाढत होत्या. 1958 मध्ये मेयो क्लिनिकच्या थॉमस कर्न्स आणि जॉर्ज सेयर यांनी दोन रुग्णांची नोंद केली होती. त्यांच्या डोळ्यांची हालचाल हळूहळू थांबत गेली, पापण्या खाली उतरल्या, दृष्टिपटलावर डाग पडले आणि हृदयाच्या ठोक्याचा विद्युतमार्ग बंद पडत गेला. अशा रुग्णांच्या स्नायूतही पुढे ते लाल तंतू सापडले. कुणाला झटके येत, कुणाला लहान वयात पक्षाघातासारखे प्रसंग येत, तर कुणाचे चार पावलांत पाय भरून येत. हे सगळे एकाच आजाराचे अवतार की वेगवेगळे आजार, यावर मज्जाविकारतज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. पुरावा सगळ्यांसमोर एकच होता, लाल कडांचा तंतू. तो तंतू तसा का होतो, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

इथे स्नायूची घडण समजून घ्यावी लागते. शरीरातल्या बहुतेक पेशींत एक केंद्रक असते. सांगाड्याला जोडलेल्या स्नायूचा एक तंतू म्हणजे जन्माआधी असंख्य लहान पेशी एकमेकींत मिसळून झालेली एकच लांबलचक पेशी. त्यात शेकडो केंद्रके असतात आणि मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएच्या हजारो प्रती. हा तंतू एकदा तयार झाला की पुन्हा विभागत नाही. रक्तातल्या आणि त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि त्या उलाढालीत खराब पेशी गळून जाण्याची संधी असते. स्नायूच्या तंतूत साचलेले नुकसान दशकानुदशके तिथेच राहते. म्हणूनच आयुष्यभर डीएनएवर काय गुजरले, याची नोंद शोधायची तर स्नायूइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच सापडेल.

केंद्रकातला डीएनए सतत दुरुस्त होत असतो, हे 1970 च्या दशकात स्पष्ट झाले. त्यात तोमास लिंडाल यांचे नाव आघाडीवर येते. डीएनए हा वाटतो तितका टिकाऊ रेणू नाही, पेशीतल्या पाण्याच्या संपर्कानेही त्याची अक्षरे रोज हजारोंच्या संख्येने बिघडतात. तरी आपण तगून आहोत, म्हणजे दुरुस्ती करणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1974 मध्ये त्यांनी बिघडलेले अक्षर नेमके हेरून काढून टाकणारे एक विकर शोधले. या कामाबद्दल 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह मिळाले.

योगायोग असा, की त्याच 1974 साली मायटोकॉन्ड्रियांबद्दल नेमकी उलटी बातमी आली. स्टॅनफर्डचे डेव्हिड क्लेटन आणि त्यांचे सहकारी यांनी पेशींवर अतिनील किरण सोडून डीएनएला इजा केली. केंद्रकातली इजा भरून निघाली. मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएतली तशीच राहिली. या एका प्रयोगावरून बरीच वर्षे असे मानले गेले, की मायटोकॉन्ड्रियांकडे दुरुस्तीची सोयच नाही. निष्कर्ष पुरता खरा नव्हता. अतिनील किरणांनी होणारी इजा काढण्याची पद्धत तिथे नाही, पण लिंडाल यांनी दाखवलेली, एकेक बिघडलेले अक्षर बदलण्याची पद्धत तिथेही आहे, हे 1990 च्या दशकात व्हिल्हेम बोर आणि इतर संशोधकांनी सिद्ध केले.

मग वाचनाचा दिवस उजाडला. 1981 मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने मानवी मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएचा संपूर्ण क्रम छापला. 16,569 अक्षरांचे एक बंद वर्तुळ. त्यात फक्त 37 जनुके: 13 प्रथिनांची, बाकीची ती प्रथिने जुळवण्यासाठी लागणाऱ्या आरएनएची. केंद्रकातल्या डीएनएत जनुकांच्या मधे लांबच लांब मोकळी जागा असते. इथे जनुके एकमेकांना खेटून बसली आहेत. तेव्हा कुठेही तुकडा पडला तरी काही ना काही महत्त्वाचे जाणारच. हे वर्तुळ फक्त आईकडून मुलांकडे येते, हेही वर्षभरापूर्वी डग्लस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी माणसात दाखवून दिले होते. आता रुग्णाचा डीएनए ताडून पाहण्यासाठी समोर नकाशा होता.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये मज्जाविकारांची जुनी, नावाजलेली संस्था आहे. तिथे जॉन मॉर्गन-ह्यूज बरीच वर्षे लाल तंतूंचे रुग्ण पाहत आणि त्यांचे स्नायू जपून ठेवत. अनिता हार्डिंग या तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञ आनुवंशिक आजारांत मुरलेल्या होत्या. त्यांच्या जोडीला इयन होल्ट हे तरुण संशोधक आले. या तिघांनी 25 रुग्णांच्या स्नायूतला मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला, विकराने तो एका ठिकाणी कापला आणि लांबीनुसार वेगळा केला. वर्तुळ एका जागी कापले की साडेसोळा हजार अक्षरांची एक सरळ पट्टी मिळायला हवी. सोळा रुग्णांत तसेच झाले. उरलेल्या नऊ जणांच्या नमुन्यांत दोन पट्ट्या उमटल्या. एक पूर्ण लांबीची, आणि दुसरी आखूड. काही रुग्णांत या आखूड डीएनएतून सात हजारांपर्यंत अक्षरे गायब होती.

25 फेब्रुवारी 1988 च्या ‘नेचर’मध्ये हे काम छापून आले. माणसाच्या आजाराशी मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा बिघाड जोडणारा हा पहिला थेट पुरावा. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाला कर्न्स-सेयर आजाराच्या सातही रुग्णांत असेच कापलेले डीएनए सापडले, आणि वर्षअखेरीस वॉलेस यांनी तरुणपणी अंधत्व आणणाऱ्या एका आजाराचे मूळ या वर्तुळातल्या एका अक्षराच्या चुकीत असल्याचे दाखवले. हार्डिंग यांना मात्र पुढचा प्रवास फार काळ पाहता आला नाही. 1995 मध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

लंडनच्या त्या शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण होते, आणि पुढच्या इतिहासासाठी तेच अधिक मोलाचे ठरले. स्नायूत दोन पट्ट्या दाखवणाऱ्या रुग्णांच्या रक्तात एकच पट्टी होती. म्हणजे बिघाड साऱ्या शरीरात सारखा पसरलेला नव्हता, आणि स्नायूतही चांगला व वाईट डीएनए शेजारी शेजारी नांदत होता. आनुवंशिक आजार म्हटला की जनुक एक तर सदोष असते किंवा नसते, अशी मेंडेलच्या काळापासूनची सवय होती. इथे प्रश्न प्रमाणाचा होता. एखाद्या तंतूत हजारो प्रतींपैकी थोड्या खराब असतील, तर उरलेल्या चांगल्या प्रती काम निभावून नेतात. मोठे तुकडे गळालेल्या डीएनएचे प्रमाण साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेले, की त्या भागाला ऊर्जा अपुरी पडू लागते. आपल्याकडे ऊर्जा कमी पडते आहे हे कळल्यावर तंतू आणखी मायटोकॉन्ड्रिया तयार करतो, पण सदोष डीएनएच्याही प्रती वाढत जातात. एंगल यांच्या काचपट्टीवरच्या त्या लालभडक कडांचा अर्थ अखेर लागला. तो उपासमारीला तोंड देणाऱ्या तंतूचा निष्फळ प्रयत्न होता.

डीएनएचे हे तुकडे पडतात कसे? 1989 मध्ये एरिक शोन आणि सहकाऱ्यांनी सर्वात अधिक आढळणाऱ्या प्रकाराचा छडा लावला. त्यात नेमकी 4,977 अक्षरे गायब असतात आणि त्यांच्याबरोबर सात प्रथिनांची जनुके पूर्ण किंवा अंशतः जातात. गायब भागाच्या दोन्ही टोकांना तेरा अक्षरांचा अगदी एकसारखा मजकूर आहे. प्रत काढताना किंवा तुटलेली टोके सांधताना या दोन सारख्या जागांची गल्लत होते आणि मधला पल्ला गळून पडतो. एकदा असे आखूड वर्तुळ जन्मले की ते वाढत कसे जाते, यावर अजून चर्चा आहे. आखूड असल्यामुळे त्याची प्रत लवकर निघते, असे एक मत. शेतात तण पिकाआधी वर यावे तसे ते मग हळूहळू सगळी जागा व्यापते.

याच सुमारास एका वेगळ्या संकटातून अनपेक्षित साक्ष मिळाली. मार्च 1987 मध्ये अमेरिकेत झिडोव्हुडिन, म्हणजेच एझेडटी, हे एड्सवरचे पहिले औषध मंजूर झाले. रुग्ण दर चार तासांनी, रात्री झोप मोडूनही, गोळ्या घेत होते. एचआयव्हीचा विषाणू आपल्या जनुकांची प्रत काढताना डीएनएची साखळी गुंफतो. एझेडटीचा रेणू त्या साखळीत खरी कडी असल्याचे सोंग घेऊन शिरतो आणि साखळी तिथेच खुंटते. वर्ष-दीड वर्ष औषध घेतलेल्या काही रुग्णांना मांड्यांत दुखू लागले, जिने चढवेनात, स्नायू झिजू लागले. विषाणूच स्नायू खातो आहे की औषध, हे ठरवणे कठीण होते, कारण एचआयव्हीमुळेही स्नायूंचा दाह होतो.

बेथेस्डातले मारिनोस दालाकस यांनी या रुग्णांच्या स्नायूंचे काप रंगवले. एझेडटी घेतलेल्यांच्या स्नायूत लाल कडांचे तंतू होते. औषध न घेतलेल्या एचआयव्हीबाधितांत ते नव्हते. 1990 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी ते मांडले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाने उलगडा केला: अशा रुग्णांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियल डीएनए 78 टक्क्यांपर्यंत घटला होता. विषाणूला फसवणारी ती खोटी कडी मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज गॅमा या विकरालाही फसवत होती. मात्र औषध थांबवल्यावर अनेक रुग्णांची ताकद परतली. डीएनएची संख्या घटली तर स्नायू दुबळा होतो, आणि ती पुन्हा भरून आली तर सावरतो, हे माणसात एवढ्या स्पष्टपणे प्रथमच दिसले.

या धड्याचा महाराष्ट्राशीही धागा आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एचआयव्हीवरचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या उपचाराला तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक लागत. आफ्रिकेत आणि भारतात लाखो लोक त्यामुळे वाचले. त्या तिघांतले एक औषध होते स्टॅव्ह्युडिन, आणि तेही पॉलिमरेज गॅमाला अडवणाऱ्या गटातले. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या पायांत मुंग्या व आग, चेहऱ्यावरची चरबी झडणे, रक्तात लॅक्टिक आम्ल साचणे असे त्रास दिसू लागले. अधिक सुरक्षित औषधे स्वस्त होत गेली, आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. त्या काळात जीव वाचवणे हीच पहिली निकड होती. पण नवी औषधे तपासताना ती मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएला काय करतात, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

औषधाने जे महिन्यांत होते, तेच वयोमानाने दशकांत होत असेल का? डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्येच असे मांडले होते, की ऊर्जेच्या ज्वलनातून निघणारे मुक्त मूलक शरीराला जीर्ण करतात. मेलबर्नचे अँथनी लिनेन यांनी 1989 मध्ये या तर्काला मायटोकॉन्ड्रियल डीएनएची जोड दिली. म्युनिकमध्ये योसेफ म्युलर-होकर निरोगी वृद्धांच्या हृदयाचे व हातापायांचे स्नायू तपासत होते. त्यांना अधूनमधून असे तंतू दिसले ज्यांत ज्वलनाचे एक कळीचे विकर काम करत नव्हते. तरुणांत ते विरळा, म्हाताऱ्यांत नेहमीचे. त्याच सुमारास इतरांना वृद्धांच्या ऊतींत 4,977 अक्षरांची ती ओळखीची गळती सापडली.

आक्षेपही तितकाच वजनदार होता. पूर्ण स्नायू वाटून मोजला तर गळालेल्या डीएनएचे प्रमाण नगण्य निघत असे. एवढ्याशा बिघाडाने माणूस थकतो, हे कसे मानायचे? विस्कॉन्सिन विद्यापीठात जोनाथन वॅनॅगट आणि जड एकेन यांनी वेगळी पद्धत धरली. म्हाताऱ्या उंदरांच्या एकेका स्नायूतंतूचा त्यांनी लांबीभर शेकडो कापांतून माग काढला आणि लेझरने नेमके हवे तेवढेच तुकडे वेगळे केले. 2001 मध्ये त्यांनी दाखवले, की ज्या पट्ट्यात तंतू बारीक झालेला असतो, चिरलेला असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात गळालेला डीएनए खच्चून भरलेला असतो. दोन पावले पुढे तोच तंतू ठणठणीत. शिवाय प्रत्येक तंतूतली गळती वेगळी. म्हणजे एका तंतूत कधी तरी एक रेणू तुटला होता आणि त्याच्याच प्रतींनी तो पट्टा व्यापला होता. सरासरीत हरवणारा बिघाड त्या जागी प्राणघातक होता.

म्हातारपण आणायला प्रत काढण्यातल्या चुकाच पुरेशा आहेत का, याचे उत्तर पुन्हा स्टॉकहोममधून आले. पॉलिमरेज गॅमा प्रत काढताना आपली चूक ओळखून खोडतो. नील्स-योरान लार्सन यांच्या प्रयोगशाळेत अलेक्सांद्रा त्रिफुनोविच आणि सहकाऱ्यांनी विकराचा हा खोडण्याचा गुण नाहीसा केलेले उंदीर जन्माला घातले. 2004 चे त्यांचे निष्कर्ष थक्क करणारे होते. सहा महिन्यांच्या आसपास या उंदरांचे केस पांढरे झाले, झडले, पाठीला पोक आले, हाडे ठिसूळ झाली. निम्मे उंदीर 48 आठवड्यांपर्यंत मेले. साधा उंदीर याच्या दुप्पट जगतो. आणखी आश्चर्य म्हणजे, पुढे तपासल्यावरही त्यांच्या पेशींत मुक्त मूलकांचा अतिरेक आढळला नाही. हार्मन यांचा साधासरळ सिद्धांत तसाच्या तसा टिकणार नाही, हे स्पष्ट झाले.

कॅनडात हॅमिल्टन इथल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे मार्क टार्नोपोल्स्की हे मज्जाविकारतज्ज्ञ, शिवाय व्यायामशरीरक्रियेचे अभ्यासक. त्यांनी आणि अदील सफदर यांनी याच जातीच्या उंदरांना आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, फिरत्या पट्ट्यावर पळवले. पाच महिन्यांनी बसून राहिलेले उंदीर पांढरे, टकले आणि दुबळे झाले होते. पळणारे निरोगी भावंडांपासून ओळखू येत नव्हते. 2011 मधले हे काम होते. चूक खोडणारे विकर अजूनही बिघडलेलेच होते, तरी स्नायूत मायटोकॉन्ड्रियल डीएनएची संख्या टिकून होती आणि चुकांचे ओझे कमी होते.

याचा अर्थ लावायला दुरुस्तीकडेच वेगळ्या नजरेने पाहावे लागते. केंद्रकात डीएनएच्या दोनच प्रती. त्यामुळे दोन्ही धागे तुटले तरी पेशी ते सांधायची धडपड करते. मायटोकॉन्ड्रियांत हजारो प्रती असल्याने दुसरा मार्ग परवडतो. जर्मनीत बॉनच्या आणि अमेरिकेत मायामीच्या गटांनी 2018 मध्ये दाखवले, की मायटोकॉन्ड्रियांत वर्तुळ तुटून सरळ झाले तर ते काही तासांत नष्ट केले जाते आणि शिल्लक चांगल्या प्रतींवरून संख्या भरून काढली जाते. हे नष्ट करण्याचे कामही मुख्यतः प्रत काढणारी यंत्रणाच करते. व्यायामाने जुन्या मायटोकॉन्ड्रियांची मोडतोड आणि नव्यांची निर्मिती, दोन्ही वेगावतात.

माणसातही व्यायामाने हे साधता येईल, या आशेमागे आणखी एक शोध आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले अलेक्झांडर मॉरो यांना 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूतंतूला बिलगून बसलेल्या लहान पेशी दिसल्या होत्या. तंतूला इजा झाली की या उपग्रह पेशी जाग्या होतात, विभागतात आणि नवा तंतू घडवतात. काही रुग्णांत तंतू सदोष डीएनएने भरलेले असतात आणि उपग्रह पेशी मात्र जवळपास स्वच्छ. 1997 मध्ये मॉन्ट्रियलच्या एरिक शुब्रिज आणि जॉर्ज कार्पाटी यांनी अशा एका रुग्णाच्या स्नायूत, इजेनंतर नव्याने उगवलेले तंतू निर्दोष डीएनएचे असल्याचे दाखवले. न्यूकासलच्या डग टर्नबुल यांच्या गटालाही त्याच वर्षी तसाच अनुभव आला. मग वजने उचलून, स्नायूला मोजूनमापून ताण देऊन उपग्रह पेशींना जागे करायचे, अशी कल्पना पुढे आली. 2008 मध्ये मोठी गळती असलेल्या आठ रुग्णांनी बारा आठवडे पायांचा असा व्यायाम केला. त्यांची ताकद वाढली, तंतूंच्या पुनर्निर्मितीच्या खुणाही दिसल्या. पळण्या-सायकलिंगसारख्या व्यायामाने रुग्णांची दमछाक कमी होते, हेही दिसले. पण एका अभ्यासात काही रुग्णांत सदोष प्रतींचे प्रमाणही वाढले. त्यामुळे हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा, यावर डॉक्टरांचा भर असतो.

थेट डीएनएवर काम करण्याचे प्रयत्नही वेगाने पुढे सरकले. जनुकसंपादनाची क्रिस्पर ही नेहमीची पद्धत इथे चालत नाही, कारण तिला वाट दाखवणारा आरएनए मायटोकॉन्ड्रियांत पोहोचवणे अवघड आहे. 2018 मध्ये केंब्रिजच्या मिखाल मिंचुक आणि मायामीच्या कार्लोस मोराएस यांच्या गटांनी फक्त सदोष प्रती ओळखून कापणारी विकरे उंदरांच्या शरीरात यशस्वीपणे वापरली. 2020 मध्ये डेव्हिड लिऊ आणि जोसेफ मुगूस यांच्या गटांनी एका जिवाणूच्या विषापासून मायटोकॉन्ड्रियल डीएनएतले एकेक अक्षर बदलणारे साधन घडवले. हे सारे अजून रुग्णालयापर्यंत पोहोचायचे आहे.

आईकडून येणारा बिघाड बाळापर्यंत पोहोचू नये, यासाठी दात्या स्त्रीच्या अंड्यातले मायटोकॉन्ड्रिया वापरण्याची परवानगी ब्रिटिश संसदेने 2015 मध्ये दिली. हाउस ऑफ कॉमन्समध्ये बाजूने 382 आणि विरोधात 128 मते पडली. जुलै 2025 मध्ये न्यूकासलच्या गटाने जाहीर केले, की या पद्धतीने सात स्त्रियांना आठ निरोगी बाळे झाली आहेत.

1988 मध्ये ज्यांच्या स्नायूने पहिल्यांदा दोन पट्ट्या दाखवल्या, तशा रुग्णांना या पद्धतीचा फारसा उपयोग नाही. त्यांचा बिघाड बहुधा आईकडून आलेला नसतो. तो अंड्यात किंवा भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला अवचित घडतो. गळालेली चार-पाच हजार अक्षरे परत भरणारे साधनही आज नाही. आज त्यांच्यासाठी होते ते असे: हृदयाचा मार्ग बंद पडण्याआधी पेसमेकर, डोळे झाकणाऱ्या पापण्यांवर शस्त्रक्रिया, देखरेखीखालचा व्यायाम. आणि प्रयोगशाळांमधून चाललेले काम एका आकड्याभोवती फिरते आहे: प्रत्येक तंतूत चांगल्या प्रती किती, वाईट किती, आणि तो तराजू चांगल्या बाजूला किती झुकवता येतो.